दिलगिरीचं छप्पर

बर्न, पावसाळी मंगळवार

ती. स्व. मेंगियामावशीस,

तुझ्या मुरेझीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? चुलीजवळ बसतेस ना, की अजून त्याच हट्टाने जिना चढउतर करतेस?

तुझं पत्र पोचलं. पाकीट मी दोनदा उलटून पाहिलं, कारण आतला मजकूर आपल्या रोमान्शऐवजी स्वच्छ जर्मनमध्ये होता आणि त्यात मला 'आपण' म्हटलं होतं. 'आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.' मावशी, जिने माझं नाक पुसलं तिने माझ्या प्रकृतीची नुसती आशा बाळगायची? (वर कारण काय, तर 'आपल्या हाताखालच्या लोकांनाही वाचता यावे.' माझ्या हाताखाली एक टेबल आहे, तेही सरकारी.) गोठ्याच्या दाराचं ते लाकडाचं फिरतं असतं ना, ते मोडलं आणि शेळीने पाद्रीबुवांचा कोबी फस्त केला, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे कोबीचं वाईट वाटलं, पण आपल्या प्राउ सुरा गावात अजून काहीतरी घडतंय याचं बरं वाटलं. इथे नुसत्या बैठका होतात.

मी मुळात काय, बर्फावर घसरायला आलेल्या पाहुण्यांना दोरावरच्या लिफ्टच्या दांडीवर बसवून डोंगरावर धाडणारा माणूस. गावसभेत तू मला झोपेतून उठवायला माझं कोपर वर ढकललंस, लोकांना वाटलं मी हात वर केला, आणि मी सरपंच झालो. तिथून कूरला प्रांताच्या सभेत, कूरहून इथे देशाच्या संसदेत. निघताना तू बजावलंस, "रस्त्यावर छप्पर घालून घे आणि गपगुमान परत ये." दर हिवाळ्यात बर्फाचा लोंढा रस्त्यावर येतो आणि गाव तुटतं, म्हणून हे छप्पर. तेवढ्या एका कामासाठी आलेला मी इथे टक्कल पडेपर्यंत बसलोय, आणि छप्पर मात्र कागदावरच.

आणि बोलायला कोण? अख्ख्या सभागृहात आपली भाषा जाणणारे आम्ही दोघं. दुसरी मिएर्ता, खालच्या एंगादिन खोऱ्यातली. पहिल्या दिवशी कडकडून भेटलो, ती तिच्या खोऱ्याच्या बोलीत बोलली, मी आपल्या खोऱ्याच्या, आणि एकमेकांचं कळेना म्हणून तिसऱ्या वाक्याला दोघंही ओशाळून जर्मनवर आलो. तेव्हापासून रोमान्श भाषेच्या भवितव्याबद्दल आम्ही तासन्‌तास बोलतो, जर्मनमध्ये.

तर छपराची चर्चा निघाली नेमकी तुझं पत्र आलं त्याच दिवशी. इथला रिवाज असा की आपल्याकडच्या सदस्याने पहिलं वाक्य मायबोलीत म्हणायचं, सगळ्यांनी पोराने कविता म्हटल्यासारखं कौतुकाने हसायचं, आणि मग त्याने जर्मनमध्ये कामाचं बोलायचं. मी पहिलं वाक्य म्हटलं. सगळे हसले. पण पुढे जर्मन येईचना! खिशात तुझं ते 'आपण' टोचत होतं. मग मी आपल्याच भाषेत सुरू झालो. रस्ता सांगितला, लोंढा सांगितला, तू चर्चच्या पायरीवर उभी राहून माझ्या बसची वाट बघायचीस तेही सांगितलं. दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत आपली भाषा येणारं कुणीच नाही, त्यातला एकजण सफरचंद खायला लागला. शेवटी तोंडातून आलं, "मी एन्क्रेशा." तुला काय सांगायचं, गावाची आठवण येऊन जीव लागेनासा होतो तेव्हा आपण जे म्हणतो ते.

अध्यक्षीणबाईंनी मिएर्ताकडे पाहिलं. ती उठली आणि गंभीरपणे म्हणाली, "सन्माननीय सदस्य मनापासून दिलगिरी व्यक्त करतात." (हाच शब्द माफी मागतानाही चालतो, आणि संसदेत तिला तोच अर्थ आधी सुचला.) सभागृह थक्क झालं. राजकारणातला माणूस आपणहून दिलगीर झालेला तिथे कुणी पाहिला नव्हता. कशाबद्दल, हे कुणी विचारलंच नाही. टाळ्या पडल्या आणि छप्पर मंजूर झालं!

नंतर जेवताना मिएर्ताने विचारलं, "अहो, पण दिलगीर कशाबद्दल होतात?" मी सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "अय्या, इन्क्रेशान्त्यूम!" तिच्याकडे गावाच्या त्या आठवणीला हे म्हणतात. मग ती तिच्यात बोलली, मी आपल्यात, निम्मं कळलं, निम्मं कळल्यासारखं केलं. दोघांचंही सूप गार झालं.

तेव्हा मावशी, काम झालं, मी परत येऊ शकतो, असं मला वाटलं होतं. तेवढ्यात तुझ्या पत्राचं दुसरं पान वाचलं. 'आपल्या कर्तृत्वाचा गावाला अभिमान असून पुढील निवडणुकीसाठीही आपलेच नाव एकमताने ठरले आहे.' एवढा मान देऊन कुणी कुणाला घराबाहेर ठेवतं का गं?

बाकी सर्व क्षेम. पानांत गुंडाळलेले ते कपुन्स करशील तेव्हा माझ्या वाटणीचे वाफ जाईपर्यंत ताटात राहू देत, मग खा.

तुझा,
मुरेझी

ता. क. निवडणुकीचं काय करायचं ते करा, नाव घाला नाहीतर खोडा. माझं मागणं एकच. उत्तर आपल्या भाषेत लिही, आणि मला 'अरे' म्हण. राग आला असेल तर 'अरे गाढवा' म्हण, इथे मला तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ते जर्मनमध्ये म्हणतात.

ता. क. २. गोठ्याच्या दाराचं ते लाकडी फिरतं, त्याला आपण काय म्हणतो गं? सकाळपासून आठवून पाहतोय, येत नाही. मिएर्ताला विचारलं, तिने तिच्याकडचा शब्द सांगितला, तो आपला नाही. तुझ्या पत्रातला जर्मन शब्द मला येतो. तोच तेवढा येतो, मावशी.