खुनाचा प्रवेश आणि अक्काची पाठवणी

सर,

तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मला आज तुमच्याशी भांडायचंय. देवपुरातल्या कॉलेजात आम्ही तीनच मुली. तुमच्या मागून खाली मान घालून वर्गात यायचं आणि तुमच्या मागूनच बाहेर पडायचं. त्या दिवशी तुम्ही मुलींच्या खोलीच्या दारात थांबलात. "आज खुनाचा प्रवेश आहे. नवरा बायकोला मारतो. नको वाटत असेल तर बसा इथंच." दोघी बसल्या. मी उठले. आगाऊच होते मेली! वर्गात तुम्ही विचारताय, "ती सावध का होत नाही?" मुलं म्हणतात, भोळी आहे, प्रेम आहे. तुम्ही मान हलवता. "त्याचा आवाज बघा. संशय होता तोवर ओरडत होता, आज हळू बोलतोय. ओरडणाऱ्याला अजून काहीतरी ऐकून घ्यायचं असतं. हळू बोलणाऱ्याचा निकाल लागलेला असतो. आणि तिला वाटतं, राग गेला." मी ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं.

परीक्षा संपवून आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, गावी गेले. थोरली बहीण, अक्का, चाळीसगावहून माहेरपणाला आली होती. तिचा नवरा महासंशयी. पाण्यावरून यायला जरा उशीर झाला की गल्ली डोक्यावर घ्यायचा. झोक्यावर बसून ती हसत सांगते, "आता ते बदलले गं! आवाजसुद्धा चढवत नाहीत. म्हणाले, पोराला थोडे दिवस आजोळीच ठेव, येताना तू एकटी ये." आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. सगळं घर खूश, आणि मी ताटावरून उठले. अशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

निघायच्या सकाळी मी उंबऱ्यात बसकण मारली. "आबा, अक्काले नका धाडू. तो तिले मारी टाकी."

"कोनी सांगं तुले?" वडील गरजले.

काय सांगणार, कपाळ! नाटकात आहे म्हणून? आबांनी थोबाडीत दिली. "बठ्ठा लोक हासतीन!" मी हलले नाही. अक्कानंच माझा दंड धरून ओढलं, "तुले मना संसार देखवस नही का?" तिच्या डोळ्यांत इतका राग होता की मला रडूच फुटलं. पण गाडी चुकली. मग मी जेवणच सोडलं, तेव्हा आबा थकून म्हणाले, राहू दे पावसाळ्यापर्यंत. पावसाळा सरला, न्यायला कुणी आलं नाही. पुढं काडीमोड झाली आणि त्यानं दुसरं लग्न केलं.

सर, त्या दुसरीला काही झालं नाही. चांगले केस पिकवून, नातवंडं खेळवून ती गेली. अक्का तेव्हापासून माझ्याकडेच आहे. आत्ता आत मेथी निवडतेय. दुसरीच्या जाण्याची बातमी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुखाची गेली." माझ्याकडे बघितलंही नाही.

तुम्ही होतात तोवर तुमच्या घरावरून मी कितीदा गेले. एकच विचारायचं होतं, तुम्ही शिकवलंत ते त्या नाटकापुरतंच होतं का? नाही विचारलं. तुम्ही हो म्हणाला असतात, तर परत येऊन अक्काच्या हातचं जेवले कशी असते?