खोकली चढ चढते

३ मार्च
ती. काकांस,
सा. न. वि. वि.
चार दिवस पत्र टाळत होतो, खोटं कशाला बोलू? ताईच्या वर्कशॉपसाठी लेथ मशीन ओढायला तुमची पिकअप, आपली खोकली, मागून नेली आणि अजून चढाच्या पायथ्याशीच आहे. इथल्या पंक्चरवाल्याकडे शिव्या देणारा पोपट आहे, पण ते असो. पहिल्याच वळणाला मागची ट्रॉली अशी डुलायला लागली की गाडीच रस्त्याबाहेर ओढू लागली. परत फिरलो. इंजिनाचा काही दोष नाही हो. पंचवीस वर्षांची झाली तरी एका चावीत सुरू होते. तिला भंगारात देऊ नका ना! आणि ताईचं पहिलं काम पुढच्या सोमवारी आहे. काय करू?
काकूला नमस्कार. लोभ रागाच्या भरात कमी करू नका.
तुमचा,
भटक्या

७ मार्च
चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.
पोपटाला पत्रात जागा आहे, मशीन ट्रॉलीत कुठे ठेवलं त्याला नाही! उतरवायला सोपं म्हणून पार मागे ठेवलं असशील. चार माणसं बोलव, चाकांच्या जरा पुढे घे, करकचून बांध. दुसऱ्या गिअरमध्ये चढ. धूर सोडेल, सोडू दे. पाण्याचा काटा वर गेला तर थांब. ओढेल ती.
पण भंगारवाल्याला शब्द दिलाय, तो मी मोडणार नाही. महिनाअखेरीस ताईकडूनच नेईल. गुडघ्यामुळे मला क्लच दाबवत नाही, नुसती गंजत ठेवू का? काकू म्हणते, तू एका जागी टिकला असतास तर तुलाच दिली असती.
जेवत जा.
तुझा,
काका

१२ मार्च
ती. काकांस,
सा. न. वि. वि.
पोचलो! मशीन मागेच होतं, तुम्ही बरोबर ओळखलंत. पुढे घेतलं आणि खोकली खोकत खोकत चढली, एकदाही थांबली नाही. एक सायकलवाला मात्र हसत पुढे गेला. ताईने बॉनेटवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाली, ऑइल गळतंय, फरशी पूस. तिचं पहिलं काम वेळेत गेलं. काका, न ओरडता गाडी दिलीत, वर रस्ताही दाखवलात. उपकार म्हटलं तर चिडाल, तरी म्हणतोच. शब्द दिलाय तर दिलाय. खोकलीला धुऊन ठेवलंय.
माया अशीच राहू द्या. थांबा, दारात कोण आलंय बघतो.
भंगारवाला! इतक्या लवकर, आणि चालत, घामाघूम. खोकलीला न्यायला आणलेला त्याचा नवाकोरा टेम्पो चढावर बंद पडलाय. विचारतोय, ही ओढेल का?
तुमचा,
भटक्या