न टोकलेला शब्द

१७ जानेवारी, शुक्रवार, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. वाकताना गुडघा कटकन वाजला. तो तिथवर ऐकू आला असेल तर काळजी करू नकोस, तेल लावते आहे. प्रवास नीट झाला. लेक आणि सूनबाई मजेत आहेत. तू कशी आहेस? औषधाचे थेंब वेळेवर घालतेस ना?

शेजारच्या वहिनी हे वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. वहिनी, माझ्या अक्षराला हसू नका, इथलं टेबल डुगडुगतं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. तर फोनवर तुझी गाडी 'बरं, बरं, ठेव आता' याच्यापुढे जात नाही. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. वहिनी ठेवू देणार नाहीत, त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

लेकाने मला काय विचारलंय ते तुला ठाऊक आहे. मी आता इथेच राहावं, कायमचं. परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. ते ठेवायचं की रद्द करायचं, एवढंच मी सांगायचं बाकी आहे. त्याने माझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे. खिडकीतून बंदर दिसतं म्हणे. कोपऱ्यात नवंकोरं शिलाई मशीन आहे, त्यावर अजून प्लास्टिक तसंच आहे. पडदे सूनबाईने स्वतः शिवलेत. खालची पट्टी एका टोकाला वर चढली आहे, पण मी काही बोलले नाही. तू असतीस तर चहा व्हायच्या आत उसवायला बसली असतीस.

त्या विषयावर शेवटी लिहिते. आधी कालची गंमत ऐक.

दोघांनाही कामावर जायचं होतं, म्हणून लेकाने मला शहर दाखवायची सोय केली. एकट्या माझ्यासाठी दिवसभर एक गाडी, एक बोट आणि एक माणूस! मी म्हटलं, "अरे, मी काय कुठली राणी लागून गेले?" तर म्हणाला, "आई, तू फक्त बस आणि बघ." त्या माणसाला सगळे गाईड म्हणतात, मी मनातल्या मनात त्याचं नाव वाटाड्या ठेवलं. पन्नाशीचा असेल. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. रफू बरा होता. इतक्या लांब आपली भाषा बोलणारा माणूस लेकाने कुठून पैदा केला कोण जाणे. "काकू, चला," म्हणाला, आणि आम्ही खाली उतरलो.

खाली उतरून बघते तो शहरच नाही.

ताई, असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. रस्त्याचा पलीकडचा काठ गेला होता. दिव्याचे खांब होते, पण वरचे दिवे नव्हते. माणसं येत होती ती आधी नुसती पावलं वाजत येत होती, मग त्यांना छत्री, टोपी, चेहरा असं एकेक फुटत होतं, आणि आपल्या बाजूने गेली की पुन्हा सगळं पुसलं जात होतं. मला वाटलं, मी अजून उठलेच नाहीये, अंथरुणातच आहे.

वाटाड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. त्याने हात लांब केला.

"काकू, हे आपलं बंदर."

मला समोर ओला कठडा दिसत होता. कठड्यावर एक पक्षी बसला होता, तोही अर्धाच.

"डावीकडे मोठ्या क्रेन आहेत. लाल रंगाच्या."

"हो का? वा."

"आणि त्या तिकडे जुनं दीपगृह." मग त्याने हातच टेकले. "काकू, आज काही खरं नाही. आपण दुसऱ्या दिवशी येऊ या का? मी साहेबांशी बोलतो."

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "कशाला? तुम्ही सांगत जा, मी बघत जाते."

तो आधी बुचकळ्यात पडला. मग म्हणाला, "सगळं सांगू?" मी म्हटलं, "सगळं." आणि ताई, तो माणूस जो सुरू झाला! पहिल्या दोन ठिकाणी पाठ केलेलं बोलला, अमुक काळात बांधलं, तमुक उंची. मी म्हटलं, "अहो, ते राहू द्या. रंग सांगा. खिडकीत काय वाळत घातलंय ते सांगा." मग त्याची जीभ सुटली. गोदामांच्या भिंती कशा विटकरी आहेत, खालून खाऱ्या ओलीने कशा पांढऱ्या पडल्यात. चढावरच्या गल्लीत एक निळं दार आहे, त्याला तीन कड्या आहेत आणि वाजवायची कुठली हे पोस्टमनलाही कळत नाही. तो सांगत गेला आणि मी बघत गेले. सगळं शहर माझ्या आत भरत होतं, मऊ आणि आवाज न करता.

दुपारी लाँचमध्ये बसलो. खाली पाणी नाही, वर आभाळ नाही, मध्ये आपण. पाण्याचा नुसता चुळुक चुळुक आवाज. लाँच अगदी पावलापावलाने जात होती, मधूनमधून भोंगा द्यायची, आणि लांबून दुसरा भोंगा तिला ओ द्यायचा. एकदम एका जहाजाची भिंत समोर आली. गंजलेली, घराएवढी उंच. वर दोरीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता आणि त्याची कॉलर उसवली होती. मला क्षणभर वाटलं, हात वर करून तो शर्ट काढून घ्यावा आणि दोन टाके घालून परत अडकवावा. तेवढ्यात जहाजही गेलं, शर्टही गेला.

मला वाटतं, त्यानंतर मी पेंगले. कारण समोरच्या बाकावर तू बसली होतीस. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे तुला बोलता येत नव्हतं, नुसती हं, हं करत होतीस. मी तुला सांगत होते, ताई, डावीकडे क्रेन आहेत, लाल रंगाच्या. तू मान डोलावलीस.

जाग आली तर वाटाड्या माझ्या पाठीमागे ताडपत्री बांधत होता.

"तुमच्या पाठीला वारा लागता कामा नये," तो म्हणाला. थर्मासमधून चहा ओतला आणि वर म्हणाला, "साखर अर्धा चमचाच. कितीही मागितलीत तरी."

माझे कान टवकारले. लेकाला माझ्या पाठीचं माहीत नाही. साखरेचं तर मी त्याला मुळीच कळू दिलेलं नाही.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो गडबडला. "तुमच्या ताईंनी. साहेबांकडून माझा नंबर घेतला होता त्यांनी. चांगला अर्धा तास बोलल्या."

अर्धा तास! माझ्याशी दोन मिनिटं बोलायला तुझ्या जिवावर येतं, आणि या परक्या माणसाशी अर्धा तास!

"काय बोलली एवढं?"

"शिडं शिवायची जुनी शेड तुम्हाला आवर्जून दाखवायला सांगितली. म्हणाल्या, कापड बघितलं की ती खूश होते." मग तो पाण्याकडे बघत राहिला. पाणी दिसत नव्हतं, तरी बघत राहिला. "आणि म्हणाल्या, शहर असं दाखवा की तिला परत यावंसंच वाटू नये. माझ्या डोळ्यांपायी ती अडकून पडायला नको." मग अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आणि बघा ना काकू, नेमकं आजच हे धुकं. आता त्यांना मी काय सांगू?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. तो बिचारा घाबरला आणि त्याने चहात आणखी अर्धा चमचा साखर घातली.

वहिनी, इथे थांबू नका. ती 'पुरे आता' म्हणेल. तुम्ही वाचत राहा.

ताई, निघताना दारात काय झालं ते तुलाही आठवत असणार. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खात होता, माझी एक चप्पल सापडत नव्हती, आणि त्या गडबडीत माझ्या तोंडून गेलं, "जाते गं."

'येते' नाही म्हटलं मी. 'जाते' म्हटलं.

आणि तू टोकलं नाहीस. 'जातो' म्हणाला म्हणून सिलिंडरवाल्याला जिन्यातून परत बोलावणारी तू! "जातो काय रे, येतो म्हण," असं म्हणून त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय दार न लावणारी तू. दूधवाला, मीटर बघायला येणारा, ब्लाउज न्यायला आलेल्या बायका, कोणालाही तू सोडलं नाहीस. माझा लेक परीक्षेला निघायचा तेव्हा तीनदा म्हणायला लावायचीस. आणि मी 'जाते' म्हटलं तर तू नुसतं "हं" म्हणालीस आणि माझी चप्पल पायाने पुढे सरकवलीस.

सबंध प्रवासभर मी तेच उगाळत होते. वाटलं, ताईला ऐकू आलं नसेल. मग वाटलं, ताई कंटाळली असेल मला. इतकी वर्षं एका खोलीत, एका मशीनवर, तू कापायचं आणि मी काजं-बटणं करायची. कंटाळलीही असशील. पण खरं सांगू, खूप भीती वाटली.

आता कळलं की तू मला जाऊ देत होतीस.

मी निघायच्या आदल्या दिवशी तू माझ्यासमोर सुई ओवलीस. "बघ, पांढरा दोरा, एका झटक्यात. माझं काही अडत नाही." ताई, तो दोरा पोपटी होता. मीही तुला टोकलं नाही. दोघी कशा शहाण्यासारख्या गप्प बसलो, नाही?

शिडांच्या शेडमध्येही नेलं त्याने. आत जुनी शिडं घड्या घालून ठेवली होती, दिवे अगदी मंद. मी मुद्दाम डोळे मिटले आणि तू घेतेस तसं कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेतलं. जाड आहे, मेणचट, दुहेरी शिवण, टाके हाताचे. एक तुकडा मागून घेतला, तो पत्रात घातला आहे. वहिनी, तो तिच्या हातात द्या. ताई, कडेने हात फिरव. एका जागी शिवणाऱ्याने टाका चुकवला आहे, तो तुला सापडेल. रंग मी सांगते. साईचा असतो ना, तसा.

परत येताना धुकं घटकाभर उठलं आणि दीपगृह दिसलं. वाटाड्याने पांढरंशुभ्र, आभाळाला टेकलेलं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आपल्या गच्चीवरच्या टाकीएवढं निघालं, रंगाचे पापुद्रे सुटलेलं. तो इतका ओशाळला! मी म्हटलं, "असू द्या, तुमचं जास्त चांगलं होतं." आणि ते खरंच होतं. मी दिवसभर काहीही बघितलं नाही आणि इतकं सुंदर शहर कधी बघितलं नाही, कारण शेजारी बसून कोणीतरी सांगत होतं. तेवढं एक माणूस शेजारी हवं.

त्याने मला दारापाशी सोडलं. छत्री मिटली. "बरंय काकू," म्हणाला, "येतो."

कुठला यायला तो! पुन्हा आमची गाठ पडायची नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. तरी म्हणाला. मी लिफ्टमध्ये शिरले आणि अकरा मजले पदराने डोळे पुसत गेले.

रात्री जेवताना लेकाला विचारलं. आधी ताकास तूर लागू देईना, मग म्हणाला, "मावशीने शपथ घातली होती." इथे कायमची राहणार नाही, हे सांगितलं त्याला मी. रुसला. म्हणाला, मग मावशीलाही इकडेच आण. मी म्हटलं, बाबा, त्या घरात तिला दिवा लागत नाही, कुठली फळी कुठे आहे ते तिच्या हातांना ठाऊक आहे. इथे आणून तिला अकराव्या मजल्यावर आंधळी करायची का? मग नुसता ताटातला भात कालवत बसला. पण पोटभर जेवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. महिनाभर आहेच मी त्याच्याजवळ. मशीनवरचं प्लास्टिक आज काढलं. पडद्याची पट्टी सूनबाईलाच उसवून पुन्हा घालायला शिकवते आहे.

तिकीट ठेवलं आहे. तू मला अडकवलेलं नाहीस, हे एकदा नीट ऐकून घे. मला तुझ्या शेजारी बसून सांगायचं आहे. पेपर, दोऱ्याचे रंग, खालच्या रस्त्यावरून कोण चाललं आहे ते. थोडी भर घालून सांगीन, दीपगृहासारखी. तुला चालेल ना?

आणि तो दारातला शब्द मी परत घेते. वहिनी, आता पुढचं मोठ्याने वाचा, आणि त्यावर ती काय म्हणते ते मला कळवा. त्यावर काय म्हणायचं असतं ते तिला चांगलं माहीत आहे, सगळ्या गल्लीला तिनेच शिकवलंय.

ताई, येते.

तुझी,
धाकटी