एक खाच कमी

२७ जुलै १९८९, पोर्तो

पायांचे तुकडे पडलेत. हे शहर ज्यानं वसवलं त्यानं सपाट जमीन कधी पाहिलीच नसावी. सकाळपासून वहीत सहा दरवाजे काढले. उन्हाळ्यात तीस दरवाजे काढून आणायचेत, कडीकोयंड्यासकट. आमच्या वास्तुकलेच्या मास्तरांना वाटतं, दरवाजे म्हणजे इमारतीचा स्वभाव. स्वतः मात्र महिनाभर आल्प्समध्ये थंड हवा खातायत.

बाबा म्हणतात, मी पोर्तोचा. कुठल्या गल्लीतला, विचारलं की म्हणतात, ती गल्ली पाडली. आज नदीकाठी कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारलं — आबीलियो म्हणून कोणी, तेवीस वर्षांपूर्वी फ्रान्सला गेलेला? ती इतकी हसली की चिमटे सांडले. ‘‘पोरी, इथून डोळे मिटून दगड मार, आबीलियोलाच लागेल. आणि तो फ्रान्सहूनच आलेला असेल!’’

मी पण हसले. पण एकही माणूस नाही म्हणजे काय? सगळ्यांच्या बापांना मामा, आत्या, भांडणं, काही ना काही असतं. माझ्या बापाला पाडलेली गल्ली आहे.

३० जुलै, गिमाराइश

किल्ला पाहिला. किल्ल्यासारखा आहे.

१ ऑगस्ट, ब्रागा

एका दुकानदारानं पिशवीवरची खूण पाहून विचारलं, हे काय? मी म्हटलं, कोंबडीचं पाऊल. तो म्हणाला, फॅशन वाटतं तिकडची.

फॅशन कसली. आमच्या घरात सगळ्यावर हे पाऊल आहे. चमचे, हातोडे, शिडी, माझं शाळेचं दप्तर. या पिशवीच्या चामड्यावर बाबांनी तापल्या खिळ्यानं उमटवलं. तीन रेघा आणि त्यांना छेदणारी अर्धी चंद्रकोर. का, विचारलं तर म्हणायचे, हरवलं तर सापडावं म्हणून. तिकडे फ्रान्समध्ये, आमच्या सेंत-एत्येनला, कोणाला कळणार होतं ते पाऊल कोणाचं!

इथल्या मोठ्या देवळात मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावायला रांग होती, त्यावरून नाताळचं ताट आठवलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळेच आपापल्या मेलेल्यांसाठी एक ताट जास्त मांडतात. आमच्याकडे आई तिच्या आईचं मांडते. बाबा वेगळं मांडतात. कोणासाठी? ‘‘त्या पोरासाठी.’’ कोण पोर? तर सूप गार होतंय.

३ ऑगस्ट

निघताना बाबांनी बजावलं होतं — ‘‘पोर्तो बघ, गिमाराइश बघ, ब्रागा बघ. किनाऱ्यावर काय आहे? वाळू.’’ दर ऑगस्टला गाडी भरून आईच्या डोंगरातल्या गावी येतो. समुद्र तिथून चार तासांवर, आणि एकदाही गेलो नाही. आई म्हणते, तुझ्या बापाला समुद्र बाधतो.

तेवीस दरवाजे झाले. उरलेले सात किनाऱ्यावरच्या खेड्यांत काढणार. वाळू तर वाळू. मी वीस वर्षांची आहे. आईबाबा पण पोचलेच असतील डोंगरात, मी एकोणीस तारखेला जाईन.

५ ऑगस्ट, पेनाल्गा

सगळं क्रमानं लिहिते.

बस धक्क्यापाशी थांबली. सार्डिनच्या टोपल्या लागल्या होत्या. मी पिशवी दगडावर ठेवली, वही काढली. मासळीवाल्या बायकांमधली एक उठली, कमरेला काळा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत.

‘‘ही पिशवी कुठली?’’

‘‘माझी.’’

‘‘तुझी? बरं. आणि मी बिशपची बायको. खाली ठेव ती.’’

मला वाटलं, वेडी आहे. मी पट्टा धरला, तिनं दुसरं टोक धरलं. ‘‘आमच्या घराची खूण आहे ती! होडीवर आहे, जाळ्यांवर आहे, माझ्या नवऱ्याच्या कुशीवर कोरायची तेवढी राहिलीय. चार दिवसांसाठी शहरातून यायचं आणि धक्क्यावर चोऱ्या करायच्या?’’

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला चोर म्हटलं. बायका जमल्या. एक म्हणाली, ‘‘देल्मिरा, पोरीच्या चपला बघ, फ्रान्सवाली दिसतेय.’’ देल्मिरा म्हणाली, ‘‘फ्रान्समध्ये चोर नसतात का?’’ मला रडू आलं. बोलायला गेले तर तोंडातून फ्रेंच निघायला लागलं, म्हणजे संपलंच.

मग होड्यांकडून तिचा नवरा आला. सावकाश. पस्तीस-चाळिशीचा, खांदे रुंद, आणि चालताना डावा खांदा पुढे टाकत होता, हुबेहूब बाबांसारखा. माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

त्यानं पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा पिशवीकडे.

‘‘बापाचं नाव काय?’’

‘‘आबीलियो.’’

देल्मिरानं पट्टा सोडला. तो माणूस जाळ्यांच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, ‘‘मी फिर्मीनु. त्याचा धाकटा भाऊ. हे त्यानं सांगितलेलं दिसत नाही.’’

नव्हतंच सांगितलं. मला काका आहे!

मी काहीतरी बोलणार तर त्यानं खिशातून चाकू काढला. ‘‘थोरल्याच्या खुणेला एक खाच असते. आम्ही दोघंच. त्याची खाचेची, माझी कोरी. कोरी खूण धाकट्याची. तिच्याबरोबर घर येतं, होडी येते, म्हातारा-म्हातारी येतात. ती सगळी मी वाहिली. आणि हा तिकडे बसून माझी खूण लावतो?’’

असं म्हणून त्यानं माझ्या पिशवीच्या चामड्यावर, पावलाच्या मधल्या बोटाला, एक खाच घातली. आडवी, खोल.

‘‘आता तुझी आहे,’’ म्हणाला आणि होडीकडे निघून गेला.

देल्मिरानं नाक पुसलं, माझं, स्वतःच्या एप्रननं. ‘‘चल घरी. जेवलीस का? चोर म्हटलं ते मनावर घेऊ नकोस, मी पाद्रीबाबांनाही म्हटलंय.’’

६ ऑगस्ट

त्यांच्याच घरी राहिलेय. काकू म्हणते, लॉजमध्ये गेलीस तर गाव मला खाईल.

दारावर कोरी खूण आहे, हाताएवढी मोठी. काका स्वयंपाकघरात मला एकटीला पाहून बाहेर जात होता. काकूनं त्याला बखोटीला धरून बसवलं. ‘‘पोरीनं काय केलंय? सांग तिला.’’

त्यानं सांगितलं, जाळं विणता विणता, माझ्याकडे न बघता. बाबा वीस वर्षांचे झाले तेव्हा सरकार त्या वयाच्या सगळ्यांना आफ्रिकेतल्या युद्धावर धाडत होतं. बाबा एका रात्री डोंगरावरून पळाले. ‘‘पळाला त्याचं काही नाही. अर्धा किनारा पळाला. आईनंच त्याला पाव बांधून दिला. पण होडीत त्याचं वल्हं मोकळं पडलं. तिथे मी बसलो. पंधरा वर्षांचा होतो.’’

मग अडुसष्टच्या जानेवारीतलं वादळ. होडी उलटली. तिसऱ्या दिवशी एक प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहरा ओळखू येईना, पण स्वेटरवर कोरी खूण विणलेली. इथे माणूस खुणेवरून ओळखतात, आणखी काही बघत नाहीत. आजीनं फिर्मीनु म्हणून त्याला पुरलं.

‘‘स्वेटर माझाच होता. होडीतल्या रमिरूचा भिजला म्हणून त्याला दिला होता. मला स्पेनच्या एका होडीनं उचललं. बाराव्या दिवशी घरी आलो, तर माझ्यासाठीची प्रार्थना होऊन गेलेली, माझे बूट मावसभावाच्या पायांत. आईनं आधी मिठी मारली, मग झाडूनं मारलं.’’

काकू हसली. तो हसला नाही.

‘‘पाद्रीबाबांनी तुझ्या बापाला दोन पत्रं लिहिली. त्यानं पॅरिसबाहेरच्या झोपड्यांचा पत्ता कळवला होता, तिथे. पहिलं, फिर्मीनु गेला म्हणून. दुसरं, पंधरा दिवसांनी, फिर्मीनु आला म्हणून. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. आई सात वर्षं पोस्टमनची वाट बघून गेली. त्यानंतर आमचे बाबा गेले. मी मेलो त्याचं दुःख नाही, जगलो त्याचा आनंद नाही. बरं, नसो. पण माझी खूण?’’

मी सूप प्यायले.

७ ऑगस्ट

बाबा असे आहेत?

९ ऑगस्ट

पोस्टात गेले. आईच्या गावच्या दुकानात फोन आहे, बाबांना बोलावून आणतात. नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली आणि मी ठेवून दिला. बोलू काय? ‘बाबा, तुमची आई झुरून मेली’ असं? मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, ‘‘प्रियकर घरी नाही वाटतं.’’

चीड आली आहे. सायकल शिकवताना माझ्या मागे अख्खं स्टेडियम धावलेला माणूस. मला ताप आला तर कामावर खाडा करणारा. तो आईला एक ओळ लिहीत नाही? चुकीच्या माणसावर वीस वर्षं माया केली असं झालं मला. आणि भावाची खूण चोरून माझ्या दप्तरावर! शाळेत मी ती मिरवायचे.

काका माझ्याशी बोलत नाही असं नाही. आज सार्डिनचे काटे कसे काढायचे ते दाखवलं. मी आधीच काढले होते, अंगठ्यानं, एका ओढीत. तो बघत राहिला. ‘‘हे त्यानं शिकवलं?’’

‘‘हो.’’

‘‘त्याला मी शिकवलं होतं,’’ म्हणाला. आणि माझ्या पावावर आणखी दोन मासे ठेवले.

१२ ऑगस्ट

सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एका दिवसात तीन. सगळी दारं निळी, सगळ्या बायका दारात, सगळ्यांना चित्रात यायचंय.

१४ ऑगस्ट

तिसावा दरवाजा काकाच्या घराचा काढला. खूण अगदी नीट काढली. काका मागे येऊन उभा राहिला.

‘‘मी बाबांना काय सांगू?’’ शेवटी विचारलंच.

‘‘काही सांगू नकोस.’’

‘‘असं कसं? मी खोटं बोलू?’’

‘‘खोटं कशाला? पिशवी त्याच्यासमोर ठेव. त्याला डोळे आहेत. विचारावंसं वाटलं तर विचारेल. नाही विचारलं, तर मला जे कळायचं ते कळलं.’’ मग जरा थांबून — ‘‘तो जाडा झालाय का गं?’’

‘‘पोट सुटलंय.’’

‘‘सुटणारच. पावाचा हावरा होता.’’

दोघांनाही हसू आलं. तो आधी थांबला.

१५ ऑगस्ट

होड्यांची मिरवणूक. काकाच्या होडीला कागदी फुलं, नाकावर कोरी खूण नव्यानं रंगवलेली. मला होडीत घेतलं. मला उलटी झाली. मी उलटी करत असताना काकू साऱ्या धक्क्याला ओरडून सांगत होती, ‘‘आमच्या आबीलियोची पोरगी आहे हो!’’ आमच्या म्हणाली ती. काकानं ऐकलं आणि वल्हं मारत राहिला.

२० ऑगस्ट, आईचं गाव

काल संध्याकाळी पोचले. पिशवी अंगणातल्या बाकावर ठेवली आणि गप्प बसले. बाबा विचारत होते, दरवाजे झाले का, नीट खाल्लंस का. मी हो-नाही करत होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी पाहिलं तर पिशवी मांडीवर, अंगठा खाचेवर.

‘‘ही कोणी घातली?’’

‘‘ज्याची कोरी आहे त्यानं.’’

ते उभे राहिले, पुन्हा बसले. मग लहान मुलासारखं विचारलं, ‘‘फिर्मीनु जिवंत आहे?’’

त्यांना एकच पत्र मिळालं होतं. पहिलं. त्यांना वाटलं, माझ्या वल्ह्यावर बसून पोरगं बुडालं, आता आईला काय तोंड दाखवू — म्हणून त्याच आठवड्यात पॅरिस सोडलं आणि पुन्हा कोणाला पत्ता कळवला नाही. दोघांतला एकच उरला, तर खाच कोणापासून वेगळी दाखवायला? म्हणून ती घालायचं बंद केलं. निदान त्याची खूण तरी मरू नये म्हणून.

नाताळचं ताट त्याचं होतं. एकवीस वर्षं.

आजीचं मी अजून सांगितलेलं नाही. ते काकाच सांगेल.

आत्ता सकाळचे आठ. बाबा अंगणात बसून हाताला लागेल त्या वस्तूवर खाच घालतायत — चमचे, कुदळ, माझी रंगपेटी. आईनं गाडी बाहेर काढलीय, सामान भरलंय, आणि ती गाडीत बसून वाट बघतेय. चार तासांचा रस्ता आहे.