चार मजली जंगल

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी आले नव्हते. निरोप सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना गेला होता, तसा मलाही आला होता, आणि आपल्या गावाची, टेंभुर्णीकडची गाडी डोळ्यांसमोर उभी होती. मी मुद्दाम बसले नाही. नंतर कळलं की लोक रडले, भाषणं झाली, हाडाचे शिक्षक वगैरे. त्यात माझं एक भाषण झालं असतं तर कुणाला घास गोड लागला नसता, म्हणून मी घरी बसून ज्वारी निवडली. आता एवढ्या वर्षांनी लिहितेय ते माया दाटून आली म्हणून बिलकुल नाही. परवा आमच्या शाळेत एक सोहळा झाला आणि त्यात तुम्ही सारखे मला आडवे येत राहिलात. मेल्यावरही माणसानं किती त्रास द्यावा!

ओळख देते, कारण तुम्हाला मी आठवत नसणार. चौथीच्या वर्गातली, मागच्या ओळीतली, शेळ्यामेंढ्यांवाल्याची पोरगी. जिच्या केसांना वास येतो म्हणून शेजारी कुणी बसायचं नाही ती. आमचे दादा, म्हणजे वडील, रोज सकाळी तुमच्या दारात शेळीचं दूध आणून द्यायचे, तुमचा धाकटा अशक्त होता म्हणून. तुमच्या खुर्चीवर घडी घालून जी काळी घोंगडी असायची तीसुद्धा दादांनीच दिली होती. खुर्चीचं लाकूड टोचतं म्हणाला होतात तुम्ही. त्याच घोंगडीवर बसून तुम्ही तो धडा शिकवलात.

दुष्काळाचं वर्ष होतं. हापसा कोरडा, टँकरचा भोंगा वाजला की अर्धा वर्ग घागरी घ्यायला पळायचा. आणि तुम्ही नेमका रोज पाऊस पडणाऱ्या जंगलाचा धडा काढलात. रोज? पोरं हसायला लागली. मंग तुम्ही पुस्तक मिटलंत आणि वर्गाचंच जंगल केलंत. उंच पोरं टेबलावर चढवली, ती सगळ्यात वरची झाडं. त्यांच्या खालची बाकांवर दाटीवाटीनं, ते जंगलाचं छप्पर. त्याखालची गुडघ्यांवर, आणि अगदी बारकी जमिनीवर, जिथं ऊन पोचत नाही. चार मजली जंगल, म्हणालात. मी बाकावर चढायला गेले, तर तुम्ही छडी आडवी घातलीत.

"तू कुठं चाललीस? तुमच्या शेळ्या जंगल खातात आन् तू जंगलात? दारात उभी राहा. पोरांनो, बघून घ्या, जंगलाचा दुश्मन आसा दिसतो."

सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात. आणि मी दारात उभी राहिले, तास संपेपर्यंत. पुढं शाळा सुटेस्तोवर माझं नाव जंगलखाऊ पडलं. ज्या गावात चार बाभळी आणि एक पिंपळ, त्या गावात मी जंगल खाल्लं होतं. ज्यांच्या बापांनी बांधावरची झाडं तोडून भट्टीला विकली त्यांची पोरं तुमच्या टेबलावर उभी होती, सगळ्यात वरची झाडं म्हणून. कमाल आहे तुमची.

घरी जाऊन दादांना सांगितलं. वाटलं, ते चिडतील, निदान दूध बंद करतील. दादांनी पायातला काटा काढता काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी शिकल्यालं माणूस हाय. बराबरच सांगत आसतील." दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेले. पण त्यानंतर गायरानात एखादी शेळी बाभळीला तोंड लावायला उभी राहिली की दादा आधी इकडंतिकडं बघायचे, कुणी पाहतंय का, आणि तिला हाकलायचे. ज्या माणसानं उभा जन्म शेळ्या राखल्या तो शेळीला पाला खाऊ द्यायला लाजायला लागला. मला हसलात ते मी एखाद्या वेळेस विसरले असते. दादांना तुमचं खरं वाटलं, ते मी विसरत नाही.

तर आता परवाचं. मी शहागडला हायवेलगतच्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवते. चार-पाच वर्षांची लेकरं. आमच्या शाळेनं 'रेनफॉरेस्ट सप्ताह' केला. तुमचंच जंगल, गुरुजी, फक्त आता त्याला फी लागते. पुण्याहून एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या आणि आम्हा बायांना म्हणाल्या की मुलांना जंगल अनुभवू द्या. शाळेच्या मागं दोन पावलांवर गोदावरी आहे, काठाला करंज आहेत, बगळे आहेत, खंड्या आहे. तिकडं लेकरांना एकदाही नेलेलं नाही, कारण बूट खराब होतात आणि पालक तक्रार करतात. मंग अनुभव कुठून आणायचा? मंडपवाल्याकडून. त्याच्याकडून प्लॅस्टिकच्या वेली आल्या, आदल्या दिवशी कुणाच्यातरी हळदीला लावलेल्या, पिवळे डाग तसेच. हिरवा गालिचा आला. पावसाचा आवाज मोबाईलवर. फाटकावर फ्लेक्स लागला, जंगल वाचवा, आणि त्यावर अध्यक्षसाहेबांचं तोंड शेजारच्या पोपटापेक्षा मोठं. त्या फ्लेक्सच्या दोऱ्या बांधायला आडव्या येतात म्हणून कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. मी हे रचून सांगत नाही. रचायची गरजच पडत नाही आमच्याकडं.

लेकरं मात्र लेकरंच. स्लॉथ नावाचा तो आळशी प्राणी टीव्हीवर दाखवला, तर एक जण म्हणाला, आमचा आबा असाच उठतो. दुसऱ्याला टिटवी व्हायचं होतं, रात्री त्यांच्या शेतात ओरडते ती. मोठ्या मॅडम, म्हणजे अध्यक्षांच्या मिसेस, नाक मुरडून म्हणाल्या की टिटवी रेनफॉरेस्टमध्ये नसते, त्याला टूकन करा. टूकन, तो मोठ्या चोचीचा परदेशी पक्षी, त्या लेकराच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता, पण चोच भाड्यानं मिळत होती. शेवटच्या दिवशी पालकांसमोर छोटं नाटक होतं. झाडं, प्राणी, आणि एक लाकूडतोड्या. तो कुऱ्हाड घेऊन येणार, आणि सगळ्या लेकरांनी बोटं रोखून ओरडायचं, 'गो अवे, यू आर बॅड!'

लाकूडतोड्या कोण, हे मॅडमनी एका क्षणात ठरवलं. माझ्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी आहे, घरी उर्दू बोलतात, बाप आरा मशीनवर कामाला. "तिच्या घरी लाकडाचंच काम आहे ना, तिला शोभेल," म्हणाल्या. बाकीच्या बाया खाली बघून वेली गुंडाळत राहिल्या. आरा मशीनच्या मालकाचा नातूही माझ्याच वर्गात आहे. तो सिंहासनावर बसलेला जग्वार होता. मी मॅडमना म्हणाले, मंग त्याला द्या ना कुऱ्हाड. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी मराठीत नाही, शेळीच्या भाषेत बोलले. अंगाचा तिळपापड झाला माझा. पाच वर्षांची पोर, आणि सगळ्या गावादेखत तिच्याकडं बोटं रोखायची, तीही तिच्याच मैत्रिणींनी. माणसं तेवढी मेली, गुरुजी. तुमची छडी अजून जिवंत आहे.

मी ठरवलं की भूमिका बदलायचीच, नोकरी गेली तरी बेहत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप फाटकाशी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी कुऱ्हाड. सगळी लाकडाची, पातंसुद्धा, कडा घासून गोल केलेल्या, कुणाला लागू नये म्हणून. पोरगी रात्रभर उशाशी घेऊन झोपली म्हणे. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं की नाटकात मी एकटीच चालते, बाकीचे सगळे नुसते उभे राहतात. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, भाई, मी तिला दुसरं काम देते, झाडाचं देते, फुलपाखराचं देते.

"समजतंय मॅडम आम्हाला बी," ते म्हणाले. "पन आता काढून घेतलं तर ती विचारंल, अब्बा, कायकू निकाले? मंग मी काय सांगू तिला?"

कुऱ्हाड आपल्यालाच का दिली ते पोरीला ठाऊक नव्हतं, आणि बापाला ते आणखी थोडे दिवस तिला ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. मी काढून घेतलं असतं तर मीच तिला सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणजे कुऱ्हाड तिच्याकडंच राहणार, बोटंही उठणार. मग माझ्या हातात उरलं काय? रात्री भाकरी थापता थापता सुचलं, आणि एकटीच हसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, मी म्हणाले, काही नाही, उद्या शेळी व्हायचंय.

नाटकाला सगळं गाव लोटलं. लेकरं मी चार मजल्यांत उभी केली, टेबल, बाक, गुडघे, जमीन. वरच्यानं ओंजळीतलं पाणी खालच्याच्या ओंजळीत सोडायचं, त्यानं त्याच्या खालच्याच्या, असा पाऊस. मॅडमना गालिचा भिजला म्हणून राग आला, पण लेकरांना मोबाईलवरच्या पावसापेक्षा तो बरा वाटला. मंग ती आली, कुऱ्हाड खांद्यावर, काय ऐटीत! आणि तिच्यामागून मी. पुठ्ठ्याचे लांब कान, साडीचा पदर खोचलेला, चक्क हातापायांवर. बें बें करत आले आणि मंडपवाल्याच्या वेलीचा लचका तोडला. हळदीची चव अजून होती तिला. लोक हसायला लागले ते थांबेनात. लेकरांनी बोटं उचलली, पण कुणाकडं रोखायची तेच कळेना. अर्धी माझ्याकडं, अर्धी तिच्याकडं, आणि 'यू आर बॅड' म्हणता म्हणता सगळी खिदळायला लागली. आम्हा दोघींना जंगलाबाहेर काढलं, ठरल्याप्रमाणं. दारात आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तिनं मला विचारलं, "टीचर, आप भी बाहर?" मी म्हणाले, हो, आमच्या घरी शेळ्या होत्या. तिला ते एकदम पटलं. तिनं माझा कान सरळ केला आणि म्हणाली, "फिर से जायेंगे?" आणि आम्ही दोघी परत आत घुसलो, नाटकात नव्हतं तरी.

तिचा बाप मागं फाटकाशी उभा होता. हसत नव्हता. मी कान काढले तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली, तेवढंच.

मॅडमनी नंतर केबिनमध्ये बोलावून ऐकवलं, की तुम्ही स्वतःचं हसू करून घेतलंत आणि शाळेचंही. मी म्हणाले, स्वतःचं करून घेतलं ते बराबर आहे. पुढच्या वर्षी मला ठेवतील का माहीत नाही. पण आता मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग शेळी होतो आणि अर्धा लाकूडतोड्या, झाड व्हायला कुणी तयार नाही. मी त्यांना रोज सांगते की झाडं नसली तर तुम्ही खाणार काय आणि तोडणार काय. मंग दोघं-तिघं कंटाळत झाड होतात. पुण्याच्या ताईंच्या सप्ताहापेक्षा त्यांना जंगल यातून जास्त कळलं असं माझं मत आहे. पुढच्या शनिवारी त्यांना नदीवर नेणार आहे, बूट काढून.

त्या ताईंना ती चार मजल्यांची आणि ओंजळीची गोष्ट फार आवडली. त्यांनी चित्रीकरण केलं आणि विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणाले, कुठं नाही, माझं मलाच सुचलं. तुमचं नाव घेतलं नाही, गुरुजी. पुढंही घेणार नाही. हाडाचे शिक्षक म्हणायला बाकीचे आहेत. हा कागद त्या पुठ्ठ्याच्या कानांखाली पेटीत ठेवतेय, तिथंच राहील.

एवढंच, की त्या दिवशी तुम्ही टेबलावरच्या पोराच्या ओंजळीत तांब्या ओतलात, आणि पाणी मजल्यामजल्यानं खाली यायला लागलं, तेव्हा वर्ग मला हसायचा थांबला होता, आणि मी रडायची थांबले होते. शेवटचा थेंब जमिनीवरच्या पोरीच्या हातात पडतो का, ते मी दारातून टाचा उंच करून बघत होते.