नकाशेबाईंच्या व्याख्यानातील कापलेल्या भागाबाबत

प्रति,
मा. संचालक,
आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्था,
विद्यापीठ परिसर.

विषय : कै. नकाशेबाई यांच्या शेवटच्या व्याख्यानाचे मूळ ध्वनिमुद्रण पुसू नये व ते अर्जदारास मिळावे, याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, तिन्ही नकाराची.

महोदय,

१. अर्जदार हा चष्म्याचा दुकानदार असून, आपल्या संस्थेत सीमाप्रश्न शिकवणाऱ्या आणि काखेत सदैव नकाशांची गुंडाळी असल्याने नकाशेबाई म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या प्राध्यापिकेचा नवरा आहे. गेल्या वार्षिक परिषदेत बाईंनी दोन देशांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीच्या पाणीवाटपावर निबंध वाचला. त्यानंतर दोनच महिन्यांत त्या वारल्या. आपण शोकसभा घेतली, मनापासून बोललात, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे.

२. आपल्या संस्थेची रीत अशी, की व्याख्यानातून निबंधाखेरीज सगळे कापून 'शुद्ध प्रत' ग्रंथालयात ठेवायची आणि मूळ मुद्रण पुढच्या परिषदेआधी पुसून त्याच मेमरी कार्डावर नवे घ्यायचे. पुढची परिषद येत्या सोमवारी आहे. अर्जदाराची झोप उडाली आहे ती त्यामुळे.

३. शुद्ध प्रत अर्जदाराने ग्रंथालयात बसून ऐकली. अर्जदाराचा धंदा डोळ्यांचा, कानाशी संबंध चष्म्याच्या काडीपुरता. तरी काम चोख आहे एवढे त्यालाही कळले. खोकला नाही, पाणी पिणे नाही, अडखळणे नाही, श्वाससुद्धा नाही. आवाज बाईंचाच आहे, पण उभ्या संसारात त्या कोणाशी असे बोलल्या नाहीत. पाणीवाटपातले अर्जदाराला ओ की ठो कळत नाही. त्याला जे हवे होते, ते नेमके आपण कापलेत.

४. कापलेल्या भागात काय आहे ते अर्जदार सांगू शकतो, कारण तो शेवटच्या रांगेत हजर होता. सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायच्या नाहीत, अशी त्याला घरूनच तंबी होती. सुरुवातीला बाईंनी ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला विचारले, "अहो, हा माईक काय उंटासाठी लावलाय?" शेवटी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्रश्न म्हणून दुसरे व्याख्यानच झोडले. त्यावर बाई म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. यात प्रश्न कुठला, तेवढं सांगा." सभागृह हसले, मग त्या स्वतः हसल्या. फार हसल्या की त्यांना उचकी लागायची, तशी तेव्हाही लागली. महोदय, ती उचकी मला हवी आहे.

५. आपल्या पहिल्या उत्तरात म्हटले आहे, की कापलेल्या भागास शैक्षणिक मूल्य नाही. कबूल. दुसऱ्यात म्हटले आहे, की मूळ मुद्रण फक्त संशोधकांना मिळते, सबब सोबतचा नमुना भरावा. भरला. संशोधनाचा विषय : बायको. मार्गदर्शक : तीच, हयात नाही. मार्गदर्शकाची सही नसल्याने तो परत आला. तिसऱ्या उत्तरात वक्त्याची लेखी संमती मागितली आहे. आता ती मी कुठून आणू? ती असती तर तिने सही केली असती आणि वर मलाच वेड्यात काढले असते, एवढे मात्र मी जबाबदारीने लिहून देतो.

६. मेहुणी म्हणाली, "भावोजी, फोनमध्ये बघा ना, काहीतरी सापडेलच." सगळा फोन पालथा घातला. फोटो पुष्कळ निघाले आणि 'येताना दूध आणा' असले निरोप, तेही लिहिलेले. एका घरात राहणारी माणसे एकमेकांचे आवाज साठवून ठेवत नाहीत हो. कोणाला सुचते ते? त्यातून मी ती शुद्ध प्रत ऐकून बसलो. आता तिचे एखादे बोलणे आठवायला जावे, तर ते त्या धुतलेल्या आवाजात ऐकू येते. मला दटावतानाही ती निबंध वाचल्यासारखी दटावते. माझ्याजवळ होती तेवढी तीही चालली आहे, महोदय, आणि मला ती धरून ठेवता येत नाही.

७. सबब विनंती, की सदर कार्ड पुसू नये. त्याच्या बदल्यात नवे कोरे कार्ड अर्जासोबत जोडले आहे. मूळ मुद्रण देणे नियमात बसत नसेल, तर रिकाम्या सभागृहात ते एकदा मोठ्याने लावावे. मी आत येणार नाही, बाहेर पायरीवर बसेन. तिथे बसायला परवानगी लागत नाही, शिपायांना विचारून घेतले आहे.

८. आणि कार्ड याआधीच पुसले गेले असेल, तर कृपया तसे मला कळवू नये. हा अर्ज निकाली काढू नये. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' एवढेच उत्तर अधूनमधून पाठवत राहावे. मी परत विचारायला येणार नाही.

आपला नम्र आणि हट्टी,

(सही)
नकाशेबाईंचा नवरा
दिनांक : परिषदेआधीचा गुरुवार