मावशीला विमानतळावर पोहोचवण्याचं सोळा पानी नियोजन

९ ऑक्टोबर, गुरुवार

किमिए ताईचा फोन. सुएनो मावशी बुधवारी सकाळी योकोहामाला बोटीवरून उतरणार. वय वर्षं सत्त्याऐंशी. बाजारपेठेच्या सोडतीत तिला होक्काइदोची सात दिवसांची जलसफर लागली आणि ही बाई कोणाला न विचारता निघून गेली. मात्सुयामाहून बंदरापर्यंत एकटी आली म्हणे. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

ताई म्हणाली, तू फक्त तिला बंदरावरून हानेदा विमानतळावर ने आणि विमानाने घरी सोड. 'फक्त' हा शब्द मला आवडला नाही. एकतीस वर्षं मी कंपनीच्या नियोजन विभागात काढली आहेत.

खरं काम शुक्रवारी आहे. नगरपालिकेची बाई मावशीची तपासणी करायला येणार. म्हातारी एकटी राहू शकते की नाही, ते ती ठरवणार. अशा बाईंसमोर सगळी म्हातारी माणसं अचानक ताठ होतात, तारीख-वार खडाखडा सांगतात, एका पायावर उभी राहून दाखवतात. म्हणून घरातलं कोणीतरी शेजारी बसून खरं सांगावं लागतं. ते मी सांगणार. त्यासाठी प्रवासात मावशीचं बारीक निरीक्षण करून लेखी नोंदी ठेवायच्या.

मावशीला घर सोडायचं नाहीये. मेले तर इथेच, म्हणते. पण तपासणीत उणं निघालं तर वृद्धाश्रमात जागा मिळेल, आणि घराची देखभाल मी तिथे राहून करीन, असं ताईचं आणि माझं ठरलंय. (ताईला अजून सांगायचं आहे.) उत्तरेकडच्या खोलीत माझं टेबल बसतं. माप नववर्षाला गेलो तेव्हाच घेतलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रवासपुस्तिका तयार. सोळा पानं, मधोमध दोन पिना. मिनिटामिनिटाचा हिशोब. पान चारवर शौचालयं: तीन वेळा, दर वेळी चार मिनिटं. पान सहावर 'मावशी दमल्यास'. पान सातवर 'मावशी दमली नसल्यास (शक्यता कमी)'. दोघांची विमानाची तिकिटं पान नऊला चिकटवली. सगळं सोळा पानांत बसवायला अक्षर जरा बारीक करावं लागलं. वाचणार मीच आहे, तेव्हा हरकत नाही.

बोट नऊला धक्क्याला. विमान एक पस्तीसला. मधल्या वेळात मी मुंगीसुद्धा विमानतळावर पोहोचवीन.

१२ ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम. मावशीच्या जागी दहा किलो तांदळाची गोण, ओढगाडीवर. बंदर ते विमानतळ एक तास बारा मिनिटं, शौचालयासह. (गोणीसह चार मिनिटं आत उभा राहिलो. एका गृहस्थाने विचित्र नजरेने पाहिलं.) विमानतळावर सुरक्षारक्षकाने विचारलं, तांदूळ कुठे चाललाय. मी म्हणालो, कुठेच नाही, परत घरी. त्याने साहेबाला बोलावलं. साहेबांनी पुस्तिका पाहिली आणि ते माझ्याशी फार हळू, समजुतीने बोलले. चांगल्या कामाची कदर करणारी माणसं अजून आहेत.

तांदळाने वाटेत एकदाही तक्रार केली नाही. मावशीकडून तीच अपेक्षा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी ७

उद्याचे संकल्प. एक: आवाज चढवायचा नाही. दोन: मावशीला एकटं सोडायचं नाही, क्षणभरही. तीन: कोणालाही रस्ता विचारायचा नाही, विचारणं म्हणजे नियोजनाचा पराभव. जेवण: कपातल्या शेवया. पत्नी सेन्दाइला मुलीकडे गेली आहे, तात्पुरती. येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

१५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ८.१०

धक्क्यावर हजर. बोट अजून समुद्रातच. मी बोटीच्या पन्नास मिनिटं पुढे आहे.

९.५०

मावशी उतरली. सोबत बिस्किटांचे अकरा खोके, शेजारपाजाऱ्यांसाठी. पहिलं वाक्य: काझू, किती वाळलास रे, काही खातोस की नाही. नोंद: भेटीच्या प्रसंगी विषयाला सोडून बोलते.

१०.०५

सामान कुरिअरच्या खिडकीवर दिलं, उद्या परस्पर मात्सुयामाच्या घरी पोहोचेल. मोकळ्या हाताने प्रवास, पान दोन. मावशीची पेटी, अकरा खोके आणि लगे हात माझी खांद्यावरची पिशवीही. मावशी म्हणाली, अरे, पिशवीत काही लागणारं असेल, बघून घे. मी म्हणालो, मावशी, सगळा विचार झालेला आहे. नोंद: विनाकारण शंका घेते.

१०.१५

चष्मा पिशवीत होता. फोनही.

किरकोळ गोष्ट. पुस्तिका मला जवळजवळ पाठ आहे. तरी मावशीला वाचायला दिली, तेवढाच तिच्या मेंदूला व्यायाम. मोतीबिंदू काढल्यापासून तिला मुंगीचे पाय दिसतात. तिने बाकावर बसून पान सहा मोठ्याने वाचलं, मग पान सात. मग म्हणाली, हे 'शक्यता कमी' कोणी लिहिलं? मी म्हणालो, तो एक सर्वसाधारण मजकूर आहे. म्हणाली, आणि शौचालयाला चार मिनिटं कोणाची धरलीस, माझी की तुझी?

१०.४०

अनपेक्षित भेट. कुरोसु साहेब, आमचे जुने विभागप्रमुख. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण साहेब ते साहेब. पत्नीला घ्यायला आले होते. कुरोसु बाई आणि मावशी बोटीवर सात दिवस पत्ते खेळून जिवलग झालेल्या. मी कमरेत वाकलो. साहेब वाकले. त्यांच्यापेक्षा कमी वाकून कसं चालेल, म्हणून मी पुन्हा. तेही पुन्हा. पुस्तिकेत या प्रसंगाला वेळ ठेवला नव्हता.

(ही नोंद स्टेशनच्या जिन्यावर उभा राहून करतोय. अक्षर कुठे जातंय, दिसत नाही.) साहेब म्हणाले, जावई गाडी घेऊन आलाय, विमानतळावरूनच पुढे जायचंय आम्हाला, चला दोघंही. मी अर्थातच म्हणालो, छे छे, तुम्हाला कशाला त्रास. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा समोरचा आग्रह करतो, मग आपण अगदी नाइलाज झाल्यासारखं बसायचं. जगात सगळीकडे हेच चालत असणार.

तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलंच नाही. म्हणाले, मिझोगुची, तू कोणाला कधी त्रास द्यायचा नाहीस, हा तुझा गुण मी विसरलेलो नाही. दार लागलं. मी वाकलो. गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकून राहणं ही किमान सभ्यता. वळणावर सिग्नल होता, आणि तो लाल होता. बराच वेळ वाकून होतो.

सरळ झालो तेव्हा मावशी कुठेही नव्हती. ती पहिल्याच निमंत्रणाला मागच्या सीटवर जाऊन बसली होती. मी दुसऱ्यांदा नाही म्हणत असताना पट्टा लावत होती, हे मला आता आठवतंय. पुस्तिका तिच्या हातात. तिकिटं पुस्तिकेत.

नोंद: ज्येष्ठ व्यक्ती सोबत्यापासून भरकटली. परक्याच्या गाडीत बसते. निर्णयक्षमता क्षीण.

११.२५

काळजी नाही. आगगाडी मोटारीपेक्षा वेगवान, मी तिच्या आधी पोहोचून दारात उभा राहीन. सार्वजनिक फोनवरून मावशीला फोन लावला. बंद. ती फोन बंदच ठेवते, बॅटरी उरावी म्हणून. (नोंद केली.)

योकोहामा स्टेशन. पाट्या आहेत, त्यांवर काहीतरी लिहिलेलं आहे. शेजारी शाळेच्या मुली उभ्या होत्या, पण संकल्प तीन. गाडी आली. लाल होती. रविवारीही लालच होती. बसलो.

११.५५

विमानतळाच्या रस्त्यावर इतके बोगदे असल्याचं आठवत नाही.

१२.१०

डोंगर. एका बाजूला नौदलाच्या बोटी. शेजारच्या आजोबांना अगदी सहज, विचारणं म्हणता येणार नाही अशा सुरात म्हणालो, आज विमानं दिसत नाहीत. ते म्हणाले, इकडे कुठली विमानं, ही गाडी द्वीपकल्पाच्या टोकाला जाते, तिथे ट्यूना चांगली मिळते. विमानतळाला जायचं होतं का? मी म्हणालो, नाही, नाही. पुढच्या स्टेशनवर ठरल्याप्रमाणे उतरलो.

दुपारी १.४८

विमानतळ. विमान गेलं. वेळेवर गेलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मिझोगुची काझुमासा आपणच का. तुमच्या नावाचा चार वेळा पुकारा केला. एक आजी साडेअकरापासून इथे बसल्या होत्या, तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे. चिठ्ठी हातात घेतली. लांब धरली. जवळ धरली. मुलगी म्हणाली, वाचून दाखवू का? मागे नऊ माणसांची रांग. तिने खणखणीत आवाजात वाचलं: काझू, मी पुढे जाते, त्या बाई शुक्रवारी यायच्या आहेत, घर आवरलं पाहिजे. घाबरू नकोस. हलू नकोस. या मुलीला सांगून ठेवलंय, ती तुला संध्याकाळच्या विमानात बसवील. काहीतरी गरम खा.

रांगेतली एक बाई म्हणाली, किती काळजी करतात बिचाऱ्या.

मुलीने मला खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत बसवलं आणि दर अर्ध्या तासाने येऊन पाहून गेली. नूडल्स खाल्ल्या. गरम होत्या. नोंद करण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ७.३०, मात्सुयामा

पोहोचलो. मावशीने बांगडा भाजला होता, मिसोचं सार, वर मुळ्याचं लोणचं. मी तीन वाट्या भात खाल्ला. म्हणाली, साहेबांचा जावई भला माणूस, मला थेट आत काउंटरपर्यंत सोडून गेला. तू का नाही बसलास? मी तिला तिसऱ्या आग्रहाचं सांगितलं. मावशी म्हणाली, सत्त्याऐंशी वर्षं झाली की माणूस तिसऱ्यांदाची वाट बघत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सामान आलं. चष्मा डोळ्यांवर. कालच्या नोंदी वाचल्या. दोन ओळींवर चार ओळी चढल्या आहेत, पण मथितार्थ भक्कम आहे. स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या: एकूण चौदा. मावशी दिवसभर शेजाऱ्यांना बिस्किटं वाटत फिरत होती. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, त्या बाईला काय सांगणार आहेस? मी म्हणालो, जे आहे ते. म्हणाली, सांग बाबा. आणि बराच वेळ तीच एक वाटी पुसत राहिली.

झोपायच्या आधी उत्तरेकडची खोली पुन्हा मोजली. टेबल बसतं. का कोण जाणे, फारसा आनंद झाला नाही. प्रवासाचा शीण असेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी ५

नगरपालिकेच्या निइमी बाई दहाला आल्या. मावशीने अपेक्षेप्रमाणे तारीख सांगितली, वार सांगितला, एका पायावर उभी राहिली. मी योग्य क्षणी चौदा नोंदी पुढे केल्या. निइमी बाईंनी शांतपणे सगळ्या वाचल्या. अकराव्या नोंदीवर थांबल्या. म्हणाल्या, ज्येष्ठ व्यक्ती सोबत्यापासून भरकटली, असं लिहिलंय. भरकटलेली व्यक्ती विमानतळावर किती वाजता पोहोचली? मावशी म्हणाली, साडेअकरा. आणि सोबती? मी म्हणालो, हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये नाही.

मावशीने सांगून टाकलं. बोगदे, ट्यूना, निळी खुर्ची, सगळं. त्या काउंटरच्या मुलीने तिला काल फोन करून मी नीट पोहोचलो का, ते विचारलं होतं म्हणे. फोन चालू होता तर.

निइमी बाईंनी पेनाचं टोपण लावलं. निकाल महिन्याभराने पोस्टाने येईल, पण आजींनी आपल्या घरातच राहावं असं त्या लिहिणार आहेत. मावशीने चहा ओतला. थोडा बशीत सांडला. ही पंधरावी नोंद मी केली नाही.

मग निइमी बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. तुम्ही एकटेच राहता का? स्वयंपाक कोण करतं? भाजी चिरून शेवटची कधी शिजवलीत? मी कोणत्या महिन्यात हे आठवत होतो, तेवढ्यात त्यांनी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहायला घेतलं. जाताना एक पत्रक दिलं. आजींना नव्हे. मला.

किमिए ताईला फोन केला. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, मावशीशी बोलणं झालंय, ती म्हणते, काझूला महिनाभर इथेच ठेवून घेते, आत्ता त्याला एकटं सोडायला नको. म्हणजे मावशीला सोबतीची गरज आहे, हे तिने अखेर स्वतःच मान्य केलं. मी होकार दिला.

उत्तरेकडच्या खोलीत गादी घातली आहे. बिस्किटांचे रिकामे खोके तिथेच आहेत, टेबलाचं नंतर पाहू.

पत्रकावर: साठीपुढील पुरुषांसाठी स्वयंपाकवर्ग, प्राथमिक. दर मंगळवारी साडेदहा, नगरपालिका भवन, दुसरा मजला. पहिला धडा: भात. एप्रन घरून आणावा. मावशीने तिचा घालून पाहायला लावला. गाठ बसत नाही. उद्या बाजारात जाऊन नवा घेऊ म्हणाली, आणि वाटेत माझा हात सोडू नकोस.